कारंज्याच्या अंगणातला उकंडा

घरी परतले त्या दिवशी शेजारच्या काकूंनी कुंपणावरूनच विचारलं, "काय गं, वऱ्हाडात जाऊन काय पाहिलंस?"

मी म्हटलं, "उकिरडा."

त्यांना वाटलं, प्रवासाने दमून मी चिडले आहे. तशी मी दमलेही होते, पण उत्तर खरं होतं. कारंजा लाडला जाऊन मी उकिरडाच पाहिला, उकिरडाच केला, आणि एकदा तर बिघडवलाही. तिकडे त्याला उकंडा म्हणतात. पुढे ज्याने ज्याने विचारलं त्याला मी तेच सांगत बसले. शेवटी हे म्हणाले, "एकदा लिहूनच काढ, म्हणजे आमची सुटका होईल." म्हणून हे लिहितेय.

आमचं घर संगमेश्वरजवळ. आमसुलं आणि आगळ करून विकणं हा आमचा उद्योग, आणि घरामागची परसबाग ही माझी हौस. फोनवर परसबागवाल्यांचा एक गट आहे, तिथे माझी शाहीनशी ओळख झाली. ती वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याची. आम्हा दोघींचं दुखणं एकच होतं, फक्त उलट्या बाजूंचं. माझं खत पावसात भिजून आंबायचं, त्यावर पत्रा घालावा लागायचा. तिच्याकडे पाऊस चार महिने येऊन जातो आणि उरलेलं वर्ष कोरडं ठणठणीत. "ताई, माह्यावालं खत सडतच नाई," ती बोलून पाठवायची. "केळाची सालं जशी टाकली तशीच वाळून राह्यली. पापड झाले पापड!"

यात हसण्यासारखंच सगळं होतं असं नाही. तिच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं, तिच्या सासूबाईंनी लावलेलं. अम्मी जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि झाडही आता एकेका फांदीने वाळत चाललं होतं. "ह्या उन्हाळ्यात जाते थे झाड," असं शाहीन एका सकाळी म्हणाली. मी त्याच दिवशी ह्यांना तिकीट काढायला सांगितलं.

"खत शिकवायला एवढं लांब?" हे म्हणाले.

"झाड बघायला," मी म्हटलं. पण मनात होतं ते शिकवायचंच.

कारंजा

मूर्तिजापूरला गाडीतून उतरले आणि एसटीने कारंज्यात पोचले. फेब्रुवारी संपत आला होता. आमच्याकडे या दिवसांत सकाळी दवाने पायवाट ओली असते. इथे स्टँडवर पाय ठेवला आणि ओठ सुकले. न्यायला शाहीन आणि तिचा नवरा इरफानभाई दोघंही आले होते. इतकी वर्षं आवाजाने ओळखत होतो, त्यामुळे शाहीन माझ्या खांद्याइतकीच आहे याचंच मला आश्चर्य वाटलं. तिने मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य बोलली, "ताई, तुमी तर फोनवर लय उंच वाटत होत्या!"

घर बाजारापासून जवळच, एका गल्लीत. पुढे इरफानभाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यामागे अंगण. अंगणात एका बाजेवर अब्बा बसले होते, शाहीनचे सासरे. ऐंशीच्या घरात असतील. उभा जन्म गाद्या भरण्यात गेलेला. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, लांब सुईने टाके घालायचे. आता लोक बाजारातून फोमची गादी उचलून आणतात, त्यामुळे धंदा कधीच बसला होता. मी नमस्कार केला तर त्यांनी हात किंचित वर उचलला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

झाड त्यांच्या पाठीमागेच होतं. लिंबाचं झाड म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे हिरवागार, काटेरी गुंता येतो. हे झाड उंच होतं, पण अर्ध्या फांद्या बोडक्या होत्या आणि उरलेल्या पानांच्या कडा आत वळलेल्या. बुंध्याशी काळी जमीन इतकी फाटली होती की माझा हात मनगटापर्यंत भेगेत गेला. आमच्या तांबड्या मातीला तहान लागली तर तिची धूळ होते. काळी माती मात्र फाटते, आणि फाटताना झाडाची बारीक मुळंही तोडते.

"पानी टाकलं तं त्या भेगातून सरकं खाली जाते," शाहीन म्हणाली. "मुळाले काईच मिळत नाई. म्हनून तं खत पाह्यजे. माती धरून ठेवन असं."

बाजेवरून अब्बा बोलले. माझ्याशी बोललेले ते त्यांचे पहिले शब्द. "जाऊ दे न बेटा. तिचं झाड होतं. तिच्या संग जाऊन राह्यलं."

शाहीनने पदर तोंडाशी धरला आणि ती आत गेली.

रात्री जेवायला ज्वारीच्या भाकरी आणि दालचा होता. दालचा म्हणजे डाळ, दुधी आणि मटण एकत्र शिजवलेलं. मी ताटात तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा शाहीनची कळी खुलली. परतफेड म्हणून दुसऱ्या दिवशी मी आमच्या आगळाची सोलकढी केली. अब्बांनी एक घोट घेतला, बराच वेळ विचार केला आणि इरफानभाईंना विचारलं, "दवा है क्या?" सगळे हसले. अब्बा हसले नाहीत, पण पेला मात्र रिकामा केला.

मग मी खताकडे वळले. शाहीनचा ढीग अंगणाच्या मधोमध, भर उन्हात पसरलेला होता. दिवाळीनंतर टाकलेली मेथीची देठंसुद्धा ओळखू येत होती. अंड्याची टरफलं, कांद्याच्या साली, चहाचा चोथा, सगळं खडखडीत. मी एका नजरेत निदान केलं आणि उपायही सांगून टाकला. ढीग नको, खड्डा हवा. जमिनीच्या पोटात गारवा असतो, ओल टिकते.

इरफानभाईंनी दुकान बंद ठेवून सब्बल, म्हणजे आपली पहार, हातात घेतली. काळी माती सुकली की दगडाच्या वरताण होते हे मला तेव्हा कळलं. दर घावाला ढेकूळ निघायचं आणि इरफानभाई म्हणायचे, "ताई, अजून किती?" संध्याकाळपर्यंत कमरेइतका खड्डा झाला. आम्ही दोघींनी वाळलेला सगळा कचरा त्यात लोटला, मधे मधे शेणकाला ओतला, आणि वरून मी हात न आखडता पाणी घातलं. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी ओतलं की ते कुठे जातं ते कळतही नाही. त्याच हिशेबाने मी ओतत राहिले.

शुक्रवारी इरफानभाईंच्या बहिणीच्या सासरची मंडळी चहाला आली. शाहीनने शेवयांची खीर केली होती. पाहुणे अंगणात खुर्च्या टाकून बसले, आणि वाटी हातात घेतल्या घेतल्या त्यातल्या एका बाईंनी ओढणी नाकाला लावली. मग दुसऱ्या बाईंनी. मी खड्ड्याजवळ गेले, वरचं बारदान उचललं आणि तीन पावलं मागेच सरले. आत काळं पाणी साचलं होतं, त्यावर बुडबुडे येत होते, आणि वास असा की सांगता येत नाही. भिजल्यावर काळ्या मातीच्या भेगा फुगून मिटल्या होत्या आणि तिने थेंबभरही पाणी मुरू दिलं नव्हतं. मी खड्डा नव्हे, हौद बांधला होता, आणि त्यात कचरा नासवला होता.

पाहुणे खीर अर्धी टाकून उठले. कोणी वावगं बोललं नाही, तेच जास्त लागलं. ते गेल्यावर अब्बा बाजेवरून उठले, खड्ड्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बंद करा हे. आजच्या आज माती लोटा."

मी घमेलं उचललं. घर त्यांचं होतं आणि घाण मी केली होती. पण शाहीन पुढे झाली. घरात ही मंडळी आपसात हिंदी बोलतात. ती हळूच, पण थेट त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अब्बा, आप कहते हो, उसका झाड है, उसके साथ जाने दो. वो मेरी भी अम्मी थी."

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. माझ्या अंदाजाने या घरात हे वाक्य त्याआधी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. ते आत गेले. पण माती लोटा असं पुन्हा म्हणाले नाहीत. तेवढीच परवानगी समजून आम्ही दुसऱ्या दिवशी कुटार आणायला निघालो.

शेलूबाजार

कुटार म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा, तुरीचा, सोयाबीनचा, हरभऱ्याचा. नासलेल्या खड्ड्यातलं पाणी शोषून घ्यायला कोरडं काहीतरी हवं होतं, आणि इरफानभाईंचे मित्र गजाननभाऊ यांचं शेत शेलूबाजारजवळ होतं. कारंज्याहून आम्ही जीपने गेलो. एका बाजूला मी, मधे शाहीन, तिच्या मांडीवर कुणाचंतरी कोंबडं. ते कोणाचं आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. उतरताना एका आजीबाईंनी ते न बोलता उचलून नेलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणी झालेली रानं पडून होती. आमच्याकडे डोंगर आड येतो, नजर फार लांब जात नाही. इथे ती जात राहते, थेट एखाद्या पळसापर्यंत. पळस नुकते फुलायला लागले होते. एकही पान नाही, नुसता केशरी रंग. एवढ्या कोरड्या जमिनीत हे झाड कुठून पाणी आणतं, असं मी शेतावर पोचल्यावर म्हटलं तर गजाननभाऊ म्हणाले, "थे खोल जाते ताई. तुमचा लिंबू वरच्यावर राह्यते. ज्याची मुळी वर, त्याले सावली द्या लागते."

त्यांच्या बायकोने, वंदनावहिनींनी, आमच्यासाठी रोडगे केले होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप ओतायचं आणि बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वंदनावहिनी काळजीने म्हणाल्या, "तिखट लागलं का व?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि दुसरा रोडगा मागितला. आमच्याकडे एवढं तिखट खाल्लं तर वर नारळाचा रस लागतो. इथे वर गूळ देतात.

जेवण झाल्यावर आम्ही पोती भरली. शेताच्या कडेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग होता. गजाननभाऊ तो पेटवणार होते. मी म्हटलं, थोड्या आम्हाला द्या. ढिगाच्या तळाशी त्यांचा थर दिला तर खालून हवा खेळेल आणि पाणीही साचणार नाही. खड्ड्याने मला एवढी अक्कल दिली होती. गजाननभाऊंनी मोळी बांधून दिली आणि मग मला विचारलं, "बाकीच्या बी नाई पेटवल्या तं किती दिवसात सडतीन?"

"तुकडे करून, ओल धरली तर पुढच्या पेरणीपर्यंत," मी म्हटलं. मग शुक्रवारची आठवण झाली आणि पुढे जोडलं, "असं मला वाटतं. नक्की सांगत नाही."

वंदनावहिनी पोत्यांकडे बघून हसत होत्या. "लोक शेलूबाजारातून तूर घेऊन जातेत. तुमी कुटार घेऊन चालल्या!"

जीपवाल्यालाही तेच वाटलं असावं. पोती टपावर बांधताना त्याने विचारलं, "म्हशी किती हायेत घरी?" शाहीन म्हणाली, "एकबी नाई." त्यावर त्याने काही विचारलं नाही, पण वाटभर आरशातून आमच्याकडे बघत होता.

पुन्हा कारंजा

खड्डा उपसायचं काम मी कधी विसरणार नाही. तोंडाला फडकी बांधून आम्ही दोघी घमेल्याने ते काळं लिबलिबीत बाहेर काढत होतो आणि कुटारात कालवत होतो. दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर सावली असते तिथे पऱ्हाट्या आडव्यातिडव्या पसरल्या. त्यावर एक थर कचऱ्याचा, एक कुटाराचा, असं छातीपर्यंत रचलं. मूठभर पिळून पाहिलं तर एखादाच थेंब सुटावा, एवढीच ओल ठेवली. भिजवलेली बारदानं वरून पांघरली. वास संध्याकाळपर्यंत गेला. अब्बा बाजेवरून सगळं बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारदान उचललं तर ते कडकडीत वाळलं होतं, आणि त्याखालचा वीतभर थरसुद्धा. पुन्हा भिजवलं. पुन्हा वाळलं. मधे हात घातला तर गार. खत शिजायला लागलं की आतून तापतं, तो ताप काही येईना. शाहीन आटलेल्या विहिरीच्या काठाशी बसावं तशी ढिगाशी बसून राहिली. मला परत निघायला थोडेच दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी अब्बा आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक गादी होती. निळ्या पट्ट्यांची, मधे दबलेली. इरफानभाई धावले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. गादी बाजेवर टाकली. शाहीनने माझा हात घट्ट धरला, आणि कुणी न सांगता मला समजलं की ही अम्मींची.

"बारदान दुपारपर्यंत टिकत नाई," अब्बा माझ्याकडे बघत म्हणाले. "कापूस टिकते. ओला केला का दिवसभर ओला राह्यते."

"अब्बा, ही नको," मी म्हटलं. "दुसरा कापूस आणू बाजारातून."

"झोपाले कोनी नाई त्याच्यावर," ते म्हणाले. "अन् फेकाले हात होत नाई."

मग त्यांनी खाली बसून टाके उसवायला सुरुवात केली. स्वतःच घातलेले टाके ते. एक टाका उसवायचा, दोरा बोटाला गुंडाळायचा, मग दुसरा. कोणालाही हात लावू देईनात. खोळ मोकळी झाली तेव्हा आतला कापूस पिवळट, घट्ट गठ्ठे झालेला निघाला. त्यांनी कोपऱ्यातली एक छडी मागितली आणि ते गठ्ठे झोडपून सुटे करू लागले. अंगणभर बारीक तूस उडायला लागलं आणि त्यांना खोकला आला. इरफानभाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाणी पिऊन झाल्यावर अब्बा बोलायला लागले. इतके दिवस जेमतेम दोन वाक्यं बोललेला माणूस बोलतच राहिला. दुकानातून घरी आले की कापसाने घसा धरलेला असायचा. अम्मी रोज लिंबू-मिठाचं पाणी करून द्यायच्या, आणि रोज बाजारातलं लिंबू किती महाग झालंय ते ऐकवायच्या. मग एके दिवशी कुठूनतरी रोप घेऊन आल्या. "मी म्हनलं, काळ्या मातीत अंगनात नाई जगत. तं म्हने, तुमी खोकलून राह्यले अन् जगून राह्यले न? मंग थे बी जगन."

इरफानभाई हसले. ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती. शाहीन एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. मग अब्बांनी तिला जवळ बोलावलं आणि अर्धा कापूस तिच्या ओंजळीत दिला. "ये झाडके पास डाल. तू डाल."

आम्ही कापूस भिजवून अर्धा ढिगावर पांघरला. उरलेला शाहीनने भेगा मातीने बुजवून झाडाभोवती गोल अंथरला. तिसऱ्या सकाळी ढिगात हात घातला आणि चटकन मागे घेतला. आत चांगलंच तापलं होतं. शाहीनला बोलावलं. तिने हात घातला आणि ओरडलीच, "ताई, बुखार आला!"

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाला हुरहूर नको. झाड सगळं वाचलं नाही. एक मोठी फांदी उन्हाळ्यात गेलीच, ती इरफानभाईंनी करवतीने उतरवली. पण मे महिना बाकीच्या झाडाने काढला. पावसाआधी झाडाखाली खत पडलं आणि पावसात नवी पालवी आली, असं शाहीन म्हणते. लिंबू मात्र यंदा एकही धरलं नाही.

मी निघाले त्या सकाळी इरफानभाईंनी माझी पिशवी स्कूटरला अडकवली. शाहीनने ठेच्याबरोबर बांधून दिलेल्या भाकरी अजून गरम होत्या. मी अब्बांना शोधत अंगणात गेले. बाज रिकामी होती. ते ढिगाशी उकिडवे बसले होते, कापूस बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घातलेला.

"येते अब्बा," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या हाताशेजारी आत ढकलला. गरम, ओलसर, जिवंत लागत होतं.

मग त्यांनी हात बाहेर काढला, लुंगीला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "जा बेटा. गाडी सुटन तुमची. मले पानी टाकाचं हाय."

मी स्कूटरवर बसले. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तरी त्यांचा आवाज ऐकू येत होता, एवढा मोठा की शेजारच्या दुकानातल्या माणसाने मान वळवून पाहिलं.

"शाहीन! बाल्टी ला! पूरी भरके ला!"